सकाळची पंधरा मिनिटं: मराठी पवित्र शास्त्र छापील घ्यावं, फोनवर वाचावं की कानात ऐकावं?

चर्चच्या मंडळीत नवा माणूस आला की कोणी त्याला पवित्र शास्त्र भेट देतं, कोणी त्याच्या फोनमध्ये ॲप टाकून देतं, कोणी ऑडिओची लिंक पाठवतं. तीन महिन्यांनी पाहावं तर पुस्तक टीव्हीच्या वरच्या फळीवर गेलेलं असतं, ॲप फोनच्या तिसऱ्या पानावर आणि लिंक व्हॉट्सॲपच्या तळाशी. पाळकांना विचारलं तर ते म्हणतील, भक्ती कमी पडली. पडली असेलही. पण बऱ्याच घरांत कमी पडतं ते साधन. अक्षर बारीक असतं, भाषा अडते किंवा वाचनाची योजना नोकरदार माणसाला झेपणारी नसते. हे परीक्षण त्या साधनांचं आहे. वाचणारा पुण्यातला, मराठीत प्रार्थना करणारा, सकाळी पावणेसातला कुकर लावून साडेआठला घराबाहेर पडणारा, असं धरलं आहे.

कसोटी एकच लावली. योहानाच्या १५व्या अध्यायात येशू शिष्यांना ‘माझ्यामध्ये राहा’ म्हणतो. ‘भेटायला या’ म्हणत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात काय छान वाटतं याला इथे फारसे गुण नाहीत. नव्वदाव्या दिवशीही जे हातात असतं ते चांगलं.

छापील प्रत

सर्वांत जास्त घरांत असते ती बायबल सोसायटी ऑफ इंडियाची ‘पवित्र शास्त्र’, म्हणजे आर. व्ही. (रिवाइज्ड व्हर्जन) म्हणतात ती आवृत्ती. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वाचली जाते तीही बहुतेक हीच, आणि तिचा खरा फायदा तिथेच आहे. रविवारी जे वचन कानावर पडलं तेच शब्द सोमवारी डोळ्यांसमोर येतात, आणि पाठांतर अर्धं तिथेच होतं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे ज्याला लहानपणी संडेस्कूलमध्ये पाठ झालं, त्याला दुसऱ्या अनुवादातलं २३वं स्तोत्र कितीही सोपं असलं तरी परक्या घरचं वाटतं.

अडचण भाषेची आहे, पण लोक समजतात तिथे ती नाही. ‘उणे’, ‘ह्यास्तव’ असले शब्द दोन आठवड्यांत सरावाचे होतात. फसवतात ते ओळखीचे शब्द. मार्क १०:४५ मध्ये मनुष्याचा पुत्र आपला जीव ‘खंडणी’ म्हणून द्यायला आला, असं आहे. आजच्या पुण्यात खंडणी म्हटलं की बिल्डरला आलेला फोन आणि पोलिसांत गेलेली तक्रार आठवते. बंदिवानाला सोडवायला भरलेली किंमत हा जुना अर्थ कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही. तीच गत योहान १५ ची. वेल आणि ‘फाटे’. केसनंद फाट्यावर रोज बस बदलणाऱ्या तरुणाला वेलीचा फाटा डोळ्यांसमोर यायला क्षणभर थांबावं लागतं. सोप्या भाषेतल्या अनुवादात तिथे ‘फांद्या’ आहेत आणि चित्र लगेच उभं राहतं.

हा वाद पुण्याच्या परिसराला नवा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं ते याचसाठी, की खेड्यातल्या बाईला ते कोणी समजावून न सांगता कळावं. १९२२ साली त्या गेल्या. त्यांचं भाषांतर १९२४ साली पूर्ण छापून आलं. घरोघरी ते पोहोचलं नाही, पण त्यांनी विचारलेला प्रश्न आजही दुकानाच्या काउंटरवर उभा आहे: देवळातली भाषा घ्यायची की स्वयंपाकघरातली?

उत्तर पुस्तकागणिक बदलतं. स्तोत्रसंहिता, यशया, चारही शुभवर्तमानं यांसाठी आर. व्ही.च घ्या. तिचा ठेका प्रार्थनेत उतरतो. पौलाच्या पत्रांसाठी मात्र शेजारी सोपी आवृत्ती हवीच. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातली ३ ते १४ ही वचनं मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहेत. जुन्या धाटणीचा अनुवाद त्या वाक्याशी प्रामाणिक राहायला जातो आणि वाचणाऱ्याचा श्वास सातव्या वचनात संपतो. असा उतारा आधी सोप्या भाषेत वाचायचा, मग आर. व्ही.त. उलटं केलं तर दुसरं वाचन होतच नाही, कारण पहिल्यातच माणूस दमलेला असतो.

आता पुस्तक म्हणून. दुकानात बहुतेक जण मुखपृष्ठ आणि चेन पाहतात. या चार गोष्टी आधी बघाव्यात.

अक्षर. देवनागरीला वर मात्रा आणि रफार, खाली उकार लागतात, त्यामुळे इंग्रजी बायबलच्या त्याच पॉइंटपेक्षा मराठी अक्षर दाट दिसतं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच वाचता येतं. पहाटे पलंगाजवळच्या पिवळ्या दिव्यात नाही. पुस्तक हातभर लांब धरून गणना किंवा इतिहास या ग्रंथातला नावांचा एखादा परिच्छेद वाचून पाहा. नावं अडखळली तर मोठ्या टाइपाची प्रत घ्या. वजन वाढेल, पण चाळिशीनंतर बारीक टाइप ही काटकसर नाही.

बांधणी. प्रत मधोमध उघडून पुठ्ठ्याच्या कण्याकडे वरून पाहा. पानांचे छोटे छोटे जुडगे दुमडलेले आणि त्यांतून दोरा गेलेला दिसला तर शिवण आहे. सपाट, नुसत्या डिंकाची कडा दिसली तर ती रोज उघडण्याची प्रत नाही. डिंकाची बांधणी बहुधा स्तोत्रसंहितेपाशी उकलते, कारण पुस्तक मधोमध सगळ्यात जास्त तिथेच उघडलं जातं.

फर्मे. छापखान्यात पानं १६ किंवा ३२ च्या जुडग्यांनी जमतात. क्वचित एखादं जुडगं दोनदा शिवलं जातं आणि एखादं राहून जातं. घरी येऊन सहा महिन्यांनी कळलं तर दुकानदार काय करणार? काउंटरवरच पानांचे आकडे सरसर पाहून घ्या, आणि निदान स्तोत्र ११९, यशया ४०, मत्तय ५ आणि प्रकटीकरण २२ उघडून बघा. पाच मिनिटं लागतात.

ग्रंथांची संख्या. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या बायबलात ६६ ग्रंथ आहेत, कॅथलिक बायबलात ७३. मिस्साचे, म्हणजे कॅथलिक उपासनेचे, पाठ लावून वाचायचे असतील आणि हातात ६६ ग्रंथांची प्रत असेल, तर मक्काबी किंवा तोबीतचा पाठ आला की गाडी अडते. भेट देताना समोरचा कुठल्या मंडळीचा हे विचारण्यात कमीपणा नाही.

नवी प्रत आणली की सरळ मधोमध फाकवू नये. कणा टेबलावर टेकवा. पुढची वीसेक पानं उघडून बोटाने कडेशी हलकं दाबा, मग मागची वीस, पुन्हा पुढची, असं करत मध्यापर्यंत या. कणा सगळीकडे सारखा सैल होतो आणि पुस्तक पुढे उघडं ठेवलं की उघडं राहतं. जेवणाच्या टेबलावर दोन्ही हात मोकळे ठेवून वाचायचं असेल तर याला महत्त्व आहे.

खुणांसाठी जेल पेन नको. बायबलचा कागद इतका पातळ असतो की शाई मागच्या पानावर उतरते आणि तिथलं वचन कायमचं निळं होतं. बॉलपेन उतरत नाही, पण दाबाने कागदावर चर पडते. एचबी पेन्सिल हलक्या हाताने, किंवा मुलांचे मेणाचे खडू. पुण्याच्या पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, चेनच्या रेग्झिन कव्हरात बंद ठेवलेली प्रत कुबट होते आणि पानांच्या कडा लाटेसारख्या उठतात. त्या दोन महिन्यांत कव्हर काढून ठेवा, पुस्तक उभं ठेवा. चेन लावलेलं बायबल सुरक्षित असतं हे खरं. वाचलं कमी जातं, हेही तितकंच खरं. उघडायला एक हालचाल जास्त लागते आणि सकाळी साडेसहाला तेवढंच निमित्त पुरतं.

फोनवरचं

यूव्हर्जन हे बायबल ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि मराठीत एकाहून जास्त अनुवाद त्यात आहेत: बायबल सोसायटीची आर. व्ही., मराठी समकालीन आवृत्ती, इंडियन रिवाइज्ड व्हर्जन. पौलाच्या पत्रांसाठी शेजारी दुसरा अनुवाद हवा असं वर म्हटलं, त्यासाठी दुसरं पुस्तक विकत घ्यायची गरज नाही. छापील आर. व्ही. टेबलावर आणि फोनवर समकालीन, एवढ्याने काम भागतं. इंडियन रिवाइज्ड व्हर्जनची आणखी एक सोय सांगण्यासारखी आहे. ते २०१७ साली खुल्या परवान्याखाली दिलेलं आहे, त्यामुळे घरगुती उपासनेसाठी किंवा बायबल अभ्यासाच्या गटासाठी उतारे मोठ्या अक्षरात छापून वाटायचे असतील तर श्रेय देऊन ते मोकळेपणाने वापरता येतं. बाकी अनुवादांचं तसं नाही. पानंच्या पानं झेरॉक्स मारण्याआधी परवानगीचा विचार करावा.

शोध ही ॲपची सगळ्यात मोठी ताकद. ‘राहा’ हा शब्द योहानात किती ठिकाणी येतो हे छापील प्रतीत शोधायला एक दुपार जाते. इथे शुद्धलेखन मात्र सांभाळा. ‘स्तुति’ टाकलं आणि अनुवादात ‘स्तुती’ असेल तर हाती काहीच लागत नाही, आणि माणूस समजतो की असं वचनच नाही.

आता तक्रारी. पहिली ‘स्ट्रीक’ची. सलग किती दिवस ॲप उघडलं याचा आकडा ते दाखवतं. उघडलं, वाचलं नाही. तुळशीबागेत उभ्याउभ्या उघडून बंद केलं तरी दिवस मोजला जातो. चाळिसाव्या दिवशी आकडा टिकवण्यासाठी रात्री ११:५५ ला ॲप उघडणारी माणसं आहेत, आणि एके दिवशी आकडा तुटला की चार दिवस फिरकत नाहीत. देवासमोर बसण्याला हजेरीपट लावला की गैरहजेरीची लाज जास्त आणि ओढ कमी होते. त्या आकड्याकडे लक्ष देऊ नका, आणि त्याची आठवण करून देणारी सूचना ॲपच्या सेटिंगमधून बंद करा. ठेवायचीच तर एकच ठेवा, रोजच्या वाचनाची, आणि तिची वेळ अलार्मनंतर दहा मिनिटांची लावा.

दुसरी तक्रार ‘आजचं वचन’ची, आणि ती गंभीर आहे. एकटं वचन सुंदर चित्रावर येतं आणि सकाळी सात वाजेपर्यंत मंडळीच्या गटात पंधरा जणांनी पुढे पाठवलेलं असतं. यिर्मया २९:११ घ्या: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अशा अर्थाचं. मुलाच्या बारावीच्या निकालाला, नव्या फ्लॅटच्या बुकिंगला, सगळीकडे हेच वचन चिकटवलं जातं. लगेच वरचं १०वं वचन मात्र चित्रावर कधीच येत नाही. त्यात बाबेलमध्ये ७० वर्षं काढावी लागतील असं बंदिवानांना सांगितलं आहे. हे पत्र ज्यांना गेलं त्यांतले बरेच जण परतीचा दिवस पाहणार नव्हते. त्यांना म्हटलं होतं: घरं बांधा, मळे लावा, त्या शहराचं भलं मागा. ७० वर्षांसकट वाचलं तर ११वं वचन नोकरी गेलेल्या माणसालाही पुरतं; एकटं वाचलं तर पहिल्याच नकारात ते खोटं वाटू लागतं. फिलिप्पैकरांस ४:१३ चं तेच. मला सर्व काही शक्य आहे, हे जिममधल्या भिंतीवर लावायचं वचन नाही. त्याआधीच्या दोन वचनांत पौल उपाशी राहण्याची आणि पोटभर जेवण्याची, दोन्हींची गोष्ट करतो. उपाय सोपा आहे. ‘आजचं वचन’ आलं की त्यावर बोट ठेवून पूर्ण अध्याय उघडा आणि निदान वरची पाच वचनं वाचा. तेवढा वेळ नसेल तर पुढे पाठवू नका.

तिसरी अडचण ॲपची नाही, फोनचीच आहे. वचन वाचता वाचता वरून दूधवाल्याच्या हिशेबाचा मेसेज खाली सरकतो. विमान मोड लावूनच वाचायला बसा. मजकूर ऑफलाइन उतरवून ठेवता येतो, त्यामुळे नेट बंद असलं तरी अडत नाही. आणि अक्षराच्या सेटिंगमध्ये आकार दोन घरं वाढवा. जोडाक्षरं पहिल्या आकारात एकमेकांत घुसतात.

गुण द्यायचे तर संदर्भ शोधायला दहापैकी नऊ, रोजच्या सकाळसाठी चार.

कानातलं

इथे मत थोडं बदलावं लागलं. ऑडिओ म्हणजे आळशी वाचन, असा जुना समज आहे. पण पहिल्या शतकातल्या मंडळ्यांनी पौलाची पत्रं ऐकलीच होती. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी ते लावदिकीयाच्या मंडळीतही वाचून दाखवा, अशी सूचना आहे. घरोघरी प्रत ही फार पुढची गोष्ट.

यूव्हर्जनवर आवाज ऐकायला नेट लागतं, आणि मेट्रो भुयारात शिरली की अडकायला होतं. बायबल डॉट इज या ॲपमध्ये ऑडिओ आधीच उतरवून घेण्याची सोय आहे. घरच्या वायफायवर रविवारी रात्री पुढच्या आठवड्याचे अध्याय उतरवून ठेवावेत. नव्या कराराची नाट्यरूप ध्वनिमुद्रणं असतात: वेगळी पात्रं, मागे वारा, गर्दी, वाद्यं. मार्क आणि प्रेषितांची कृत्ये यांना ते शोभतं. वादळ शांत करण्याच्या प्रसंगात वारा ऐकू आला तर बिघडत नाही. पत्रांना आणि स्तोत्रांना मात्र पार्श्वसंगीत नडतं, कारण तिथे कान शब्दावर थांबायला हवा आणि संगीत पुढे ओढतं. साधं, एका आवाजातलं वाचन मिळालं तर स्तोत्रांसाठी ते निवडा, आणि वेग ०.७५ ठेवून पाहा.

वनाज ते रामवाडी मेट्रोच्या एका फेरीत मार्कचे तीन-चार अध्याय आरामात होतात. १६ अध्यायांचं हे शुभवर्तमान सोमवार ते शुक्रवारच्या जाण्याच्या प्रवासात संपतं. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच लावा. दुसऱ्या ऐकण्यात लक्षात येतं की मार्कमध्ये सगळं ‘लगेच’ घडतं, आणि मग दुःखभोगाच्या आठवड्यापाशी गोष्ट एकदम संथ होते. दुचाकीवर ऐकू नका. हेल्मेटच्या आत इअरफोन धोक्याचा, आणि कर्वे रस्त्यावर हॉर्नखाली काहीही कळत नाही.

कमतरता एकच, पण मोठी: ऐकताना थांबता येत नाही. थांबवायचं बटण असतं, हात जात नाही. त्यामुळे ऑडिओ पोट भरतो, चावू देत नाही. सकाळच्या बैठकीची जागा तो घेऊ शकत नाही. रिकाम्या जाणाऱ्या चाळीस मिनिटांची घेतो.

योजना, म्हणजे माणूस जिथे सोडून देतो

वर्षात पूर्ण बायबल, या योजनेचे तक्ते जानेवारीत सगळीकडे वाटले जातात. हिशेब करून पाहू. ११८९ अध्याय, ३६५ दिवस, म्हणजे रोज सव्वातीन. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० संपून २८ जानेवारीच्या सुमारास लेवीय उघडतं. होमबली, कुष्ठ, घरातली बुरशी. ५ फेब्रुवारीला ते संपतं आणि गणना सुरू होतं, ज्याचा सातवा अध्याय ८९ वचनांचा असून बारा वंशांची तीच अर्पणं बारा वेळा मोजतो. फेब्रुवारीचा मध्य आला की मंडळीतल्या बहुतेक तक्त्यांवरच्या खुणा बंद झालेल्या असतात. यात आळसाचा भाग थोडा. योजना उताराच्या रस्त्यावर सुरू होऊन थेट घाटात नेते.

शिवाय अध्याय हे माप फसवं आहे. स्तोत्र ११७ दोन वचनांचं, स्तोत्र ११९ तब्बल १७६ वचनांचं. ‘रोज एक स्तोत्र’ म्हणणारा त्या दिवशी ऑफिसला उशिरा पोहोचतो. ११९ चे आठ-आठ वचनांचे २२ भाग मुळातच पाडलेले आहेत, हिब्रू मुळाक्षरांप्रमाणे. ते २२ दिवसांतच घ्यावं.

नोकरदारासाठी सगळ्यात चांगली बसणारी योजना कोणी छापून विकत नाही, कारण ती एका ओळीची आहे. नव्या करारात २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक, ५२ आठवडे: बरोबर २६०. शनिवार-रविवार मोकळे, म्हणजे आठवड्यात चुकलेला दिवस शनिवारी भरून निघतो आणि रविवार देवळाचा. जोडीला तारखेप्रमाणे नीतिसूत्रांचा अध्याय घ्या, तेही ३१ आहेत. पाहुणे आले, ताप आला, गणपतीत रात्रभर ढोल वाजले, तरी ही योजना मोडत नाही. जुना करार पुढच्या वर्षी, आणि तोही ओळीने नको: रूथ, योना, १ शमुवेल, मग निर्गमचे पहिले वीस अध्याय.

दमदार वाचकाला मॅकशेनचा तक्ता आहे. स्कॉटलंडच्या या पाळकाने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी तो केला: रोज चार अध्याय चार वेगवेगळ्या ठिकाणचे, वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा. लेवीय चालू असतानाही बाजूला शुभवर्तमान असतं, म्हणून तो कोरडा पडत नाही. पण चार अध्याय मराठीत नीट वाचायला पाऊण तास धरा. पंधरा मिनिटांत कोंबले तर डोळे फिरतात, मन नाही.

वही आणि गीतांचं पुस्तक

वाचून झालं की पुढे काय, इथे बहुतेकांची पंधरा मिनिटं संपतात. मठांतून बाराव्या शतकापासून चालत आलेल्या चार पायऱ्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना, मग नुसतं शांत बसणं. घरात ते असं बसवता येतं. आठ ते बारा वचनांचा उतारा एकदा मोठ्याने वाचा. दुसऱ्यांदा सावकाश वाचा आणि जिथे मन अडलं तो शब्द पेन्सिलने अधोरेखित करा. त्या शब्दाला धरून तीन-चार वाक्यांत देवाशी बोला, वहीत एक ओळ लिहा. मग दोन मिनिटं गप्प. ती दोन मिनिटं फार लांब वाटतात आणि सगळ्यात आधी तीच गळतात; घड्याळ न बघता दहा संथ श्वास मोजले की होतात.

वही शंभर पानी साधी चालते. छापील ‘प्रार्थना डायरी’ सुंदर असते, पण तारखा छापलेल्या असल्या की रिकामं पान टोचतं. साध्या वहीत पानाच्या मधोमध रेघ मारा: डावीकडे विनंती आणि तारीख, उजवीकडे उत्तर आणि तारीख. उजवी बाजू बरेच दिवस कोरी राहील. काही उत्तरं ‘नाही’ अशी येतात, तीही लिहायची. नेहमी बिघडतं ते यादीच्या लांबीने: आजारी नातेवाईक, बेरोजगार पुतण्या, शेजारणीची सून करत नावं साठावर जातात आणि प्रार्थना म्हणजे हजेरी होऊन बसते. सात वारांवर वाटून टाका, एका दिवशी पाचाच्या वर नावं नकोत.

‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक मराठी प्रॉटेस्टंट घरात असतंच, पण फक्त रविवारच्या पिशवीत. ते सकाळच्या टेबलावर आणा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगाच्या घरात बसवलं, आणि त्यांची पदं गाता येत नसली तरी नुसती वाचली तरी प्रार्थना होते. मनाला शब्द सुचत नसतील त्या दिवशी यासारखा आधार नाही. पुस्तकाची अडचण अशी की नुसत्या शब्दांच्या प्रतीवरून चाल कळत नाही. काही पदं देशी चालींची, काही पाश्चात्त्य. यूट्यूबवर एकाच गीताच्या चार चाली सापडतात आणि घरात भांडण लागतं. आपल्या मंडळीत जी गातात ती शिकावी. गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयासारख्या जुन्या देवळात मागच्या बाकावर दोन रविवार बसलं तरी चाल कानात बसते. (हे देऊळ ज्या पंचहौद मिशनचं, त्याचं नाव बाकीच्या पुण्याला लोकमान्य टिळक आणि न्या. रानड्यांनी १८९० साली तिथे घेतलेल्या चहापायी माहीत आहे, गाण्यासाठी माहीत असायला हरकत नव्हती.)

घरगुती उपासनेला हेच सामान पुरतं. एक कडवं, दहा वचनं, एकाची प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. बारा मिनिटं. आजोबांची प्रार्थना एकटी बारा मिनिटांची असेल तर त्यांना वाचन द्या आणि प्रार्थना नातीला. आजोबांना वाईट वाटत नाही, नात मात्र पहिल्यांदाच जागी राहते.

विकत काय घ्यावं? छापील आर. व्ही., शिवणीची, डोळ्यांना झेपेल त्या टाइपाची. एक वही, एक एचबी पेन्सिल. फोन दुसऱ्या अनुवादासाठी आणि शोधासाठी, पण बैठकीत पालथा. ऑडिओ प्रवासात. घरात कोणी सत्तरीचं असेल तर त्यांच्यासाठी पूर्ण बायबल नको. मोठ्या टाइपाचा नवा करार आणि स्तोत्रं अशी जोडप्रत घ्या, ती मांडीवर पेलते.

आणि फीत. बहुतेक प्रतींना खुणेची एकच फीत असते, वर सांगितलेल्या वाचनाला तीन लागतात: नव्या कराराला एक, स्तोत्रांना एक, नीतिसूत्रांना एक. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत लेसच्या दुकानात पाव इंची सॅटिनची फीत मीटरवर मिळते. तीन रंग घ्या, प्रत्येकी पानाच्या उंचीच्या दीडपट कापा. वरची टोकं पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाच्या अरुंद पट्टीवर चिकटवून ती पट्टी कणा आणि पुठ्ठा यांच्या फटीत सरकवा. पुस्तकाला डिंक लावू नका. खालची टोकं तिरपी कापून मेणबत्तीच्या आचेवरून क्षणभर फिरवा, नाहीतर महिन्याभरात दोरे सुटतात.